व्हाइट्सबॉगची आंबट माती

अमेरिकेहून परत आलेल्या गृहस्थास आपल्याकडे पहिला प्रश्न विचारला जातो तो नायगाऱ्याचा. आम्हांसहि तो पुष्कळांनीं विचारला. नायगारा आम्हीं पाहिला. तो मोठा आहे, आणि त्याच्याविषयीं लिहिणारांनीं नवीन लिहिण्यासारखें कांहीं शिल्लक ठेवलेलें नाहीं. आज वाचकांस आम्ही जेथें घेऊन जाणार आहों तेथें धबधबा नाहीं, उत्तुंग इमारत नाहीं, देऊळहि नाहीं. पांढरी वाळू, चहाच्या रंगाचें पाणी आणि खुरटे पाइन वृक्ष, एवढेंच तेथें आहे. तरीहि साऱ्या प्रवासांत आमच्या खरोखर उपयोगीं पडलेलें स्थळ तेंच. आणि तेथें जाण्याचें निमित्त म्हणजे आमच्या चिरंजीवांच्या परसांतलीं चार झुडपें.

चिरंजीव न्यू जर्सी राज्यांत एडिसन या गांवीं राहतात. तेथें आपलीं माणसें इतकीं आहेत कीं सकाळीं फिरावयास निघालें असतां 'काय अण्णा, केव्हां आलांत?' असा प्रश्न रस्त्यांत ऐकूं यावा. घराच्या मागें बऱ्यापैकीं परस आहे. २०२१ च्या वसंत ऋतूंत, नातीचा जन्म झाल्यावर, सूनबाईंनीं तेथें भिंतीलगत ब्लूबेरीचीं चार रोपें लावलीं. मुलगी चालूं-बोलूं लागेल तोंवर झाडांस फळें येतील आणि ती आपल्या हातानें तोडून खाईल, असा त्यांचा हिशेब होता. हें फळ आपल्या करवंदाएवढें, निळेंजांभळें, अंगावर द्राक्षावर असते तशी पांढुरकी झांक, आणि टोंकास चांदणीच्या आकाराचा लहानसा मुकुट. आंत आठळी नाहीं, खसखशीसारखें बारीक बीं. आमच्यांतल्या संस्कृत शिक्षकानें त्याचें 'नीलबदरी' असें नामकरण करून पाहिलें. परंतु बोराला आठळी असते आणि याला नाहीं, म्हणून तें आमचें आम्हांसच पटलें नाहीं. ब्लूबेरी हेंच नांव चालूं राहिलें.

२०२२ सालीं आम्ही उभयतां प्रथम तिकडे गेलों तेव्हां रोपें गुडघ्याला लागत होतीं. आमचा जन्म कोंकणांतला. पडवळ, दोडकी, अळूं यांच्या बुडाशीं चुलींतली राख पडलेली आम्हीं लहानपणापासून पाहिलेली, आणि वेल मांडवावर मावत नसत हेंहि पाहिलेलें. तिकडे चूल कोठली! परंतु शेजारचे गृहस्थ गार संध्याकाळीं अंगणांत लांकडें पेटवून शेकत बसत. त्यांच्याकडून आम्हीं बादलीभर राख मागून आणिली. चिरंजीवांच्या घरीं अंडीं येतात. तो विषय आम्ही काढीत नाहीं. पण टरफलें वायां जातात हें पाहून, तीं वाळवून कुटून मुळाशीं घालावीं असा सल्ला आम्हींच दिला. सूनबाई एका औषधांच्या कारखान्याच्या प्रयोगशाळेंत काम करतात. रसायनशास्त्र हा त्यांचा विषय. त्यांनीं एकवार आमच्याकडे पाहिलें, कांहीं बोलणार असें वाटलें, आणि मग 'बरं, अण्णा' एवढेंच म्हणून त्या टरफलांसाठीं डबा घेऊन आल्या.

२०२४ च्या एप्रिलअखेर आम्ही पुन्हां गेलों. सामान घरांत ठेवून प्रथम परसांत डोकावलों, तों झुडपें जेथल्या तेथें! तींच चार, तेवढींच गुडघ्याएवढीं, फांद्या काटकुळ्या, आणि मे महिन्यांत जीं कोंवळीं पानें आलीं तीं पिवळीं, फक्त शिरा तेवढ्या हिरव्या. तीन वर्षांची नात रोज सकाळीं त्यांच्यापुढें जाऊन उभी राही आणि विचारी, "आजोबा, हीं झाडं मोठीं कधीं होणार?" वराहमिहिराच्या बृहत्संहितेंत वृक्षायुर्वेदाचा एक अध्याय आहे. झाडास रोग झाल्याचीं लक्षणें त्यानें चार दिलीं आहेत: पानें पांढुरकीं पडणें, पालवी न वाढणें, फांद्या सुकणें आणि रस गळणें. यांपैकीं तीन आमच्यासमोर उभीं होतीं. कारणें म्हणून त्यानें थंडी, वारा आणि ऊन हीं सांगितलीं. आम्हीं थंडीवर ठपका ठेवला. ही आमची चूक. या झुडपास थंडी सोसते इतकेंच नव्हे, ती लागतेच. उंच वाढणाऱ्या जातीस दर हिवाळ्यांत सुमारें ८०० ते १,००० तास ७ अंशांहून कमी उष्णतामान मिळालें नाहीं तर वसंतांत तिच्या कळ्या नीट उमलत नाहींत.

मग आम्हीं दुकानांतून शेणखताच्या पिशव्या आणविल्या आणि सढळ हातानें घातल्या. पंधरा दिवसांत पानांच्या कडा करपल्या. कोणी म्हणालें, कॉफीचा चोथा घाला; कोणी म्हणालें, पाण्यांत व्हिनेगर मिसळा. दोन्ही करून झालें. उकळून निघालेल्या चोथ्यांत आम्लता जवळजवळ उरलेलीच नसते आणि व्हिनेगरचा गुण चार दिवसांत नाहींसा होतो, हें ज्ञान मागाहून झालें.

अखेर चिरंजीवांनीं परसांतली माती एका पिशवींत भरून रटगर्स विद्यापीठाच्या मृत्परीक्षा-शाळेंत पाठविली. उत्तर आलें कीं, मातीचा सामू, म्हणजेच पीएच, ६.९ आहे, ब्लूबेरीस तो ४.५ ते ५ च्या आसपास असावा लागतो. आणि चुना टाकीत असल्यास तो बंद करावा. सामूचा अंक ७ म्हणजे माती आम्लहि नाहीं आणि क्षारधर्मीहि नाहीं. त्याखालीं उतरत जावें तशी आम्लता वाढत जाते. परंतु ही उतरंड साधी नाहीं. एका अंकाचा फरक म्हणजे दसपट, दोन अंकांचा फरक म्हणजे शंभरपट. तेव्हां आमच्या झुडपांस जी आंबट माती पाहिजे तिच्या शतांश आंबटपणा परसांत होता. अशा मातींत लोह असलें तरी तें मुळांस घेतां येत नाहीं. कोठारांत धान्य आहे पण कुलपाची किल्ली हरवलेली, तसा प्रकार. पानें पिवळीं पडून शिरा हिरव्या राहतात त्या याच लोहाच्या उपासानें.

हें वाचून आम्ही उसळलों. चुना आम्हीं कोठें टाकला? घराच्या कॉंक्रीटच्या पायांतून थोडा झिरपत असेल. हिरवळ राखावयास येणारे लोक दर शरदांत गवतावर चुन्याची पूड टाकतात, ती थोडी आली असेल. दोष त्यांच्या माथीं मारून आम्ही स्वस्थ झालों. सूनबाईंनीं कागदाची घडी घातली आणि त्या स्वयंपाकघरांत गेल्या.

"अण्णा, ब्लूबेरीचं माहेरच इथून तासासव्वातासावर आहे," जूनअखेरच्या एका शनिवारीं चिरंजीव म्हणाले, "तिथंच जाऊन विचारूं." याप्रमाणें आम्ही व्हाइट्सबॉगला गेलों.

न्यू जर्सी म्हटलें म्हणजे कारखाने आणि मोटारींचे आठपदरी रस्ते एवढेंच आमच्या डोळ्यांपुढें होतें. परंतु राज्याचा दक्षिणेकडचा मोठा भाग अरण्य आहे, ही गोष्ट तेथें जाईपर्यंत आम्हांस ठाऊक नव्हती. या प्रदेशास 'पाइन बॅरेन्स' म्हणतात. युरोपांतून आलेल्या वसाहतवाल्यांनीं येथें आपलें धान्य पेरून पाहिलें, तें उगवेना. तेव्हां त्यांनीं भूमीसच वांझ ठरविलें. १९७८ सालीं अमेरिकन सरकारनें या प्रदेशास राष्ट्रीय संरक्षण दिलें. मोठा रस्ता सोडून आंत वळतांच डांबर संपलें आणि वाळू लागली. ती आपल्या समुद्रकांठची शोभावी इतकी पांढरी आणि मोकळी. दोन्ही बाजूंस पिच पाइन नांवाचे वृक्ष. येथें वरचेवर वणवे लागतात. कित्येक खोडांची साल कोळशासारखी काळी, आणि त्याच काळ्या खोडांतून हिरव्या पालवीचे झुबके फुटलेले. ओढ्यावर थांबून पाहिलें तों पाणी कोऱ्या चहासारखें तांबूस आणि तरीहि तळ स्वच्छ दिसणारें. कुजत्या पानांतला आंबट-तुरट अर्क आणि जमिनींतलें लोह यांचा तो रंग. एके काळीं येथल्या दलदलींतून लोहखनिज काढून भट्ट्या चालत असत.

आम्हीं चिमूटभर माती उचलून चोळून पाहिली. धूळही नाहीं, चिकणही नाहीं. वाळू आणि तींत काळपट कुजकट तंतू. सौ. म्हणाल्या, "या जमिनींत हरळी तरी रुजेल का?" आणि समोर ब्लूबेरीचीं झुडपें पुरुषभर उंच उभीं होतीं, फांद्या घोंसांनीं वांकलेल्या!

व्हाइट्सबॉग हें पन्नासेक उंबऱ्यांचेंहि गांव नव्हे. क्रॅनबेरी नांवाच्या आंबट तांबड्या फळाचे पाणथळ मळे जोसेफ व्हाइट यांच्या मालकीचे होते, त्यांवरील कामकऱ्यांची ही वस्ती. त्यांची कन्या एलिझाबेथ व्हाइट (१८७१–१९५४) बापाबरोबर मळ्याचें काम पाही. त्या काळीं ब्लूबेरी रानांतच मिळे. पोरेंबाळें डबे घेऊन जात आणि भरून आणीत, आपल्याकडे करवंदें-जांभळें आणतात तशींच. तिला बागेंत आणण्याचा खटाटोप ज्यानें ज्यानें केला तो फसला. कारण फळझाड म्हटलें कीं माणूस त्यास आपली उत्तमांतली उत्तम जमीन देतो. वॉशिंग्टन येथील सरकारी शेतकी खात्याचे वनस्पतिशास्त्रज्ञ फ्रेडरिक कोव्हिल (१८६७–१९३७) यांनींहि तेंच करून पाहिलें. सुपीक, खतावलेल्या मातींत रोपें झुरलीं. आंबट, कुजकट मातींत घातलीं तीं तरारलीं. त्यांनीं १९१० सालीं ही हकीकत पुस्तिकारूपानें छापली. ब्लूबेरीच्या मुळांस इतर झाडांसारखे मूलरोम नसतात, केसाएवढ्या बारीक मुळ्यांत एक बुरशी वस्तीस असते आणि तिच्या संगतीनें झाड त्या दरिद्री मातींतून आपलें अन्न मिळवितें, इकडेहि त्यांनीं त्यांत लक्ष वेधलें. पुढल्याच वर्षीं ती पुस्तिका एलिझाबेथबाईंच्या हातीं पडली, आणि त्यांनीं कोव्हिल यांस आपली जमीन, आपले मजूर आणि आपली मदत देऊं केली.

यापुढची युक्ति बाईंची. शास्त्रज्ञास अरण्याची वाट ठाऊक नसते. ती ठाऊक असते रानांत वाढलेल्या माणसांस. त्यांनीं आसपासच्या लोकांस सोळाव्या भागांनीं दहा, म्हणजे पांच-अष्टमांश इंच भोंक असलेला मापाचा तुकडा दिला. ज्या झुडपाचीं फळें त्या भोंकांतून पडणार नाहींत तें दाखवा, पैसे घ्या, शिवाय झुडपास तुमचें नांव देऊं. रूब लीक नांवाच्या माणसानें दाखविलेल्या झुडपास 'रूबेल' हें नांव पडलें, आणि तें अजून लागवडींत आहे. अशा निवडक झुडपांचा संकर करून १९१६ सालीं व्हाइट्सबॉगहून लागवडीच्या ब्लूबेरीचा पहिला माल बाजारांत गेला. आज जगभर जी मोठी ब्लूबेरी खाल्ली जाते तिची ही जन्मकथा, आणि ती शंभरसव्वाशें वर्षांपलीकडची नाहीं. बाईंचें राहतें घर तेथें अजून उभें आहे.

गांव दाखविण्यासाठीं एक वयस्क बाई आमच्याबरोबर होत्या. त्यांनीं आमच्या झुडपांची हकीकत ऐकून घेतली. माती नासवणारीं कारणें सांगतां सांगतां त्या म्हणाल्या कीं, चुन्याइतकीच वाईट ती लांकडाची राख. आम्ही शिक्षक, शंका विचारल्यावांचून राहवेना. आम्हीं चिरंजीवांकरवीं विचारलें, "येथें तर वणवे लागतात. एवढी राख पडते, मग हीं झुडपें कां मरत नाहींत?" प्रश्न बिनतोड आहे असें वाटून आम्ही मनांत थोडे सुखावलोंहि होतों. बाईंनीं खालची वाळू पायानें उकरली. "वणव्याची राख पातळ थरानें पडते," त्या म्हणाल्या, "आणि पाऊस ती या वाळूंतून धुवून नेतो. तुमच्याकडची माती कशी आहे?" लाल, चिकण, असें चिरंजीवांनीं सांगितलें. "मग तिथं ती बसून राहते. तुम्ही किती घालतां?"

चिरंजीवांस ठाऊक नव्हतें. आम्हीं सूनबाईंकडे पाहिलें. त्या नातीच्या टोपीची नाडी बांधीत होत्या. त्यांनीं मान वर केली नाहीं.

परततांना मोटारींत आम्हीं विचारलें, "तुम्ही राख घालीत होतां?"

"हो, अण्णा. दर महिन्याला. तुम्हीं सांगितल्याप्रमाणं."

"आणि टरफलें?"

"तींहि."

घरीं आल्यावर त्यांनीं आपली वही दाखविली. आम्ही २०२२ च्या शरदांत परतलों तेव्हांपासून पहिल्या रविवारच्या नोंदी: राख दोन ओंजळी, टरफलांची पूड एक वाटी. हिवाळ्याचे महिने सोडले तर एक रविवार चुकलेला नाहीं. राख क्षारधर्मी असते आणि अंड्याचें टरफल म्हणजे निव्वळ चुन्याचाच प्रकार, हें रसायनशास्त्राच्या पदवीधर मुलीस ठाऊक नव्हतें काय? आम्हीं तसें विचारलें. त्या म्हणाल्या, "ठाऊक होतं. पहिल्या दिवशींच सांगणार होतें. पण तुम्ही इतक्या हौसेनं बादली घेऊन आलांत." मग थोड्या वेळानें म्हणाल्या, "आणि नंतर वाटलं, कदाचित् तुम्हांलाच माहीत असेल. तुमच्या परसांत येतच होतं ना सगळं."

छत्तीस वर्षें आम्ही वर्गांत मुलांस सांगत आलों कीं, शंका आली तर हात वर करा. त्या रात्रीं आम्हांस झोंप लागली नाहीं. सौ. नीं एकदां विचारलें, आम्हीं पित्ताचें निमित्त सांगितलें.

दुसऱ्या दिवसापासून कामाची सूत्रें सूनबाईंकडे गेलीं. भिंतीपासून दूर, पूर्वेच्या कुंपणाशीं त्यांनीं नवा वाफा आंखला. जमिनीपेक्षां वीतभर उंच, कारण या झुडपांचीं मुळें वरच्या फूटभर मातींतच पसरतात आणि पाणी सांचलें तर गुदमरतात. परसांतली माती, पीट म्हणजे दलदलींतलें कुजकट शेवाळ, आणि पाइनच्या सालीचा भुगा यांचें मिश्रण केलें. त्यांत मृत्परीक्षेच्या कागदावर लिहिलेल्या मापानें गंधकाची पूड मिसळली. गंधक स्वतः आम्ल नव्हे. मातींतले जीवाणू सवडीनें त्याचें आम्ल करतात, तेंहि माती उबदार आणि ओलसर असेल तरच. म्हणून हा वाफा जुलैंत रचून तसाच ठेविला. पाणी घातलें तें पन्हाळीखालीं पिंपांत सांठविलेलें पावसाचें. आम्ही पाणी वाहण्याचें काम केलें. घाई सुटून आम्हीं एकदां विचारलें, "आणखी थोडा गंधक घातला तर लवकर नाहीं का होणार?" सूनबाई म्हणाल्या, "नाहीं, अण्णा. जास्तीनं मुळं जळतील." हें त्यांनीं तेव्हांच, तोंडावर सांगितलें. ऑक्टोबरच्या आरंभीं पुन्हां परीक्षा केली: ५.२. अजून थोडें उतरावयास हवें होतें, पण लावण्यास हरकत नव्हती.

पानें लाल होऊन गळूं लागल्यावर, आमच्या परतण्यास आठ दिवस असतांना, चिरंजीवांनीं पहिलें झुडूप उकरलें. सर्वांत मोठें आश्चर्य तेथें होतें. तीन वर्षांनंतरहि मुळांनीं आपल्या कुंडीचा आकार सोडलेला नव्हता! रोपवाटिकेच्या कुंडींतली हलकी माती आणि बाहेरची चिकण लाल माती यांच्या सीमेवर येऊन मुळें मागें वळलीं होतीं आणि स्वतःभोंवतींच चुंबळीसारखा वेढा घालीत बसलीं होतीं. त्या गोळ्याचा मध्य कोरडा ठणठणीत; पीट एकदां सुकलें कीं पाणी धरीत नाहीं, वरून घातलेलें सगळें कडेनें निघून जातें. म्हणजे राखेनें एक मारलें होतें आणि या गोळ्यानें दुसरें. लावतांनाच तो सोडवावयास हवा होता. तें कोणीं केलें नव्हतें, आणि हें मात्र आमच्या खात्यावर नाहीं.

वराहमिहिर रोगी झाडाची चिकित्सा सांगतांना शस्त्रानें शोधन करावें असें प्रथम सांगतो, आणि मग लेप व सिंचन. येथें तो बरोबर निघाला. सूनबाईंनीं गोळे बादलींत तासभर भिजवून ठेविले, सुरीनें उभे चार छेद दिले, आणि बोटांनीं मुळ्या मोकळ्या केल्या. काड्यांतल्या वाळलेल्या आणि चिरडक्या होत्या त्या छाटल्या. झुडपें कुंडींत होतीं तितक्याच खोलीवर बसविलीं आणि वर चार बोटें लांकडाच्या ढलप्यांचें आच्छादन घातलें. वसंतांत खत द्यावयाचें तें अमोनियम सल्फेट, आणि तेंहि चिमटीनें. नत्राचा हा प्रकार या झाडास मानवतो, नायट्रेटचा मानवत नाहीं. शेणखत नाहीं. राख तर नाहींच.

२०२५ च्या मे महिन्यांत सूनबाईंनीं भ्रमणध्वनीवरून परस दाखविला. एक झुडूप गेलें होतें. उरलेल्या तिघांच्या बुडांतून बोटाएवढे जाड, तांबूस, नवे कोंब आले होते, आणि पानें हिरवीं होतीं. जुन्या फांद्यांवर पांढऱ्या घंटांसारखे फुलांचे घोंस लटकत होते. हलविलेल्या झाडास पहिलीं दोन वर्षें फळें धरूं देऊं नयेत, बळ मुळांत जावें, असें व्हाइट्सबॉगच्या बाईंनीं सांगितलेलें. पण चार वर्षांची नात त्या घोंसांपुढें हात पसरून उभी होती.

"काय करूं, अण्णा?" सूनबाईंनीं विचारलें.

आम्हीं म्हटलें, "तुम्हांला काय वाटतं?"

त्यांनीं सगळीं फुलें खुडलीं. नात दोन दिवस आमच्याशीं बोलली नाहीं.